मागे दिसलेला दिवा

पौषातली चतुर्दशी, रविवार, १२ जानेवारी २०२५. आमच्या क्लबचा म्हातारा तांडेल पंचांग न बघता भरतीची वेळ सांगतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरती किती वाजता भरणार ते कळतं. चौदाला पाऊणने गुणलं की साडेदहा. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित सगळ्यांना येतं. मी मात्र ते बोटीवरच्या नोकरीची अठरा वर्षं संपवून, छापील कोष्टकं चाळायची सवय सुटल्यावर शिकलो. साडेदहाला भरती, म्हणजे अकरानंतर ओहोटी, आणि भरतीच्या भरल्या पाण्यावर न्हावा शेवाहून भरलेली जहाजं बाहेर पडणार. हे तिसरं वाक्य त्या दिवशी मी मनात म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

चोवीस फुटी शिडाची बोट, तीन माणसं. सुकाणूवर माझी सोळा वर्षांची मुलगी, शिडाच्या दोऱ्यांवर मी, आणि पुढे पाय पसरून तांडेल. गेटवेसमोरच्या नांगरावरून साडेनऊला सुटलो होतो आणि मांडव्याला जायचं होतं. बायकोचा या सफरीला विरोध होता. जेमतेम साडेतीन आठवड्यांपूर्वी, १८ डिसेंबरला, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली होती आणि १५ माणसं गेली होती. ती दृश्यं घराघरांतल्या फोनवर फिरत होती. तेव्हा लाइफ जॅकेट पहिल्या मिनिटापासून अंगात, आणि डब्यात संक्रांतीच्या आधीच केलेल्या तिळाच्या वड्या, या दोन अटींवर परवानगी मिळाली.

सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा चांगला होता. सनकरॉकचं दीपगृह मागे टाकलं तेव्हा बोट अंगात आल्यासारखी पळत होती. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे दोन ओळींत उरकलेले असतात. त्या दोन ओळींच्या मध्ये जी वेळ असते, तिच्याबद्दल पुस्तक काही सांगत नाही. हिवाळ्यात दुपारच्या सुमाराला जमीन तापते, मतलई मरते, पश्चिमेचा वारा अजून जागा झालेला नसतो, आणि मधला अर्धा-पाऊण तास पाणी तेलासारखं पडून राहतं. आम्ही लाल बोयांची रांग ओलांडून चॅनेलमध्ये शिरलो आणि बरोबर तेव्हाच शीड लोंबलं.

मुंबई बंदराचं पाणी पाहणाऱ्याला अफाट वाटतं. गेटवेच्या कट्ट्यावरून रायगडचे डोंगर दिसेपर्यंत सगळं पाणीच पाणी. पण मोठ्या जहाजाच्या दृष्टीने त्यातलं बहुतेक पाणी नसल्यासारखंच आहे. त्याच्या वाट्याला येते ती गाळ काढून खोल केलेली एक लांबच लांब गल्ली, रुंदीला काहीशे मीटर, दोन्ही कडांना लाल-हिरवे बोये. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा, दोघांची जहाजं याच वाटेने ये-जा करतात. आमच्या बोटीला सव्वा मीटर पाणी पुरतं. भरलेल्या कंटेनर जहाजाला चौदा मीटर लागतं. आम्ही गल्लीबाहेर कुठेही जाऊ शकतो, ते गल्लीबाहेर गेलं तर गाळात रुतून बसेल. २०१० च्या ऑगस्टमध्ये या वाटेवर दोन जहाजांची टक्कर झाली, त्यातलं एमएससी चित्रा कललं, कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले आणि देशातलं सगळ्यात गजबजलेलं कंटेनर बंदर काही दिवस अडून राहिलं. पर्यायी रस्ताच नव्हता.

मुलीला ते आधी दिसलं. घारापुरीच्या बाजूने, डोंगरासारखं, वर रंगीत पेट्यांची भिंत.

"बाबा, ते आपल्याला टाळेल ना? आपण शिडावर आहोत."

तिचं चुकत नव्हतं. टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे, तिच्या वर्गात ते नुकतेच शिकवले होते. अठरावा नियम म्हणतो, इंजिनावरच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यावी. परीक्षेत हे लिहिलं की गुण मिळतात. पण त्याच नियमाची सुरुवात "नववा, दहावा आणि तेरावा नियम वेगळं सांगत असतील ते सोडून" अशी आहे, आणि नववा नियम अरुंद चॅनेलचा आहे. वीस मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या होडीने, ज्या जहाजाला चॅनेल सोडून दुसरीकडे जाताच येत नाही त्याच्या वाटेत येऊ नये. शिडाचा मान मोकळ्या समुद्रावर. गल्लीत बैलगाडीने ट्रकला अडवायचं नाही.

हे मी तिला शांतपणे समजावून सांगत बसलो, ही त्या दिवसाची पहिली चूक. सांगण्यात दोन मिनिटं गेली असतील. जहाज अंदाजे दहा नॉट्सने येत होतं, म्हणजे मिनिटाला तीनशे मीटर.

"साहेब, नंतर शिकवा," तांडेल म्हणाला. "दिशा बघा."

हातातलं होकायंत्र डोळ्याला लावून जहाजाच्या नाळेची दिशा घेतली. मिनिटभराने पुन्हा घेतली. काटा तिथेच. समोरचं जहाज मोठं होत जातंय आणि दिशा बदलत नाही, याचा अर्थ तुम्ही दोघं एकाच ठिकाणी, एकाच वेळी पोहोचणार आहात. नियमातही हेच लिहिलंय. त्याला एक पुरवणी आहे: फार मोठं जहाज फार जवळ असेल तर दिशा थोडीफार बदलत असली तरी बेफिकीर राहू नका, कारण त्याचं पुढचं टोक तुमच्या समोरून गेलं तरी अजून तीनशे मीटर जहाज मागून यायचं असतं. आणि चॅनेलला वळण असेल तर आत्ता लांबून जाणारं जहाज पुढच्या बोयापाशी सरळ तुमच्याकडे तोंड करतं. म्हणून होकायंत्राइतकाच नकाशा लागतो.

मुलीने सुकाणू मुंबईकडे वळवलं. घर त्या बाजूला होतं, लाल बोया जवळ दिसत होता. तांडेलाने मान हलवली. बाहेर जाणारं जहाज आपल्या उजव्या हाताची कड धरतं, म्हणजे लाल बोयांची, मुंबईची बाजू. आपण हिरव्याकडे जायचं, आणि सरळ काटकोनात, तिरकं नाही. मी इंजिनाची दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं, मिनिटभर धावलं, खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा ओढलं. नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवा आत यायला एक बारका स्क्रू असतो. तो बंद होता. निघण्यापूर्वी तो उघडायचं काम माझं होतं. हे मला संध्याकाळी कळलं.

तेव्हा दोन वल्ही काढली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साठीतला तांडेल. मुलगी सुकाणू सरळ धरून, ओठ घट्ट मिटून. वल्ह्यांनी चोवीस फुटी बोट मिनिटाला तीस मीटर गेली तर खूप. ओहोटी आम्हाला बाजूने समुद्राकडे ओढत होती, पण ती जहाजाच्याच दिशेने, त्यामुळे तिने ना तारलं ना मारलं.

मग भोंगा झाला. पाच छोटे, लागोपाठ. त्याचा अर्थ, तुमचा इरादा मला कळत नाही, तुम्ही पुरेसं करताय असं मला वाटत नाही. मी स्वतः ते बटण कित्येकदा दाबलेलं आहे. दाबणाऱ्याला तो आवाज पुढे कुठेतरी गेलेला वाटतो. खालच्या बोटीत तो बरगड्यांत ऐकू येतो.

वर काय चाललं असेल ते मला माहीत होतं, आणि तेच जड जात होतं. कंटेनर जहाजाच्या पुलावरून पुढचं पाणी दिसत नाही. रचलेल्या पेट्या आणि लांबलचक नाळ यांच्या आड समोरचा एक पट्टा कायमचा झाकलेला असतो. हा आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांब्या किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल त्याहून मोठा नसावा, एवढंच आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. म्हणजे ५०० मीटर चालतो. दहा नॉट्सने ते दीड मिनिटाहून जास्त होतं. तेवढा वेळ आम्ही त्यांच्या लेखी नाहीसे झालेलो. थांबवण्याचा विचार पायलटने केला असेल आणि सोडून दिला असेल, कारण एवढ्या वजनाचं जहाज इंजिन उलटं फिरवलं तरी थांबायला किलोमीटरच्या हिशेबात अंतर घेतं. आणि इंजिन थांबलं की सुकाणूवर येणारं पाणी मरतं, जहाज मग सरळही राहत नाही. अरुंद गल्लीत आडवं झालेलं तीनशे मीटरचं जहाज, यापेक्षा एका होडीचा धोका लहान. हा हिशेब क्रूर वाटतो, पण त्या जागी उभा असतो तर मीही तोच केला असता.

ते गेलं. अंतर शंभर मीटर असावं, त्या वेळी तीस वाटलं. आधी एक उंच काळी भिंत, मग भिंतीचं न संपणं, मग अचानक डिझेलचा आणि गरम लोखंडाचा वास. त्याच्या लाटेवर बोट आडवी झोपली, उठली, पुन्हा झोपली. तिळाच्या वड्यांचा डबा पाण्यात गेला.

आणि मग पुलाच्या बाजूच्या उघड्या सज्जात एक माणूस आला. पांढरा शर्ट. तो झपाझप मागच्या टोकापर्यंत चालत गेला, कठड्यावर वाकला आणि खाली बघू लागला. आम्हाला शोधत होता. त्याच्या बाजूने आम्ही नाळेखाली नाहीसे झालेलो होतो, बाहेर आलो की नाही हे बघायला तो आला होता. मी वल्हं टाकून दोन्ही हात वर केले आणि हलवत राहिलो. त्याने एक हात वर केला. तरी तो तिथून लगेच हलला नाही.

माझ्याकडे रेडिओ होता, पिशवीत, टॉवेलखाली. तो हातात असता तर वारा पडल्या क्षणी सोळा नंबरवर सांगता आलं असतं की आम्ही अमुक बोयाशी आहोत, हलता येत नाही, हिरव्या बाजूला वल्हवत जातोय. पायलटला तेवढं पुरतं. लहान बोट कुठे आहे यापेक्षा ती आता काय करणार हे कळत नाही, त्याची त्याला धास्ती असते. आता काढून बोललो, आम्ही सुखरूप आहोत. थोड्या खरखरीनंतर आवाज आला, "ठीक है. अगली बार पहले बोलना."

इंग्लंडच्या दक्षिणेला साउदम्प्टनच्या वाटेवर, सोलंटमध्ये, जिथे उन्हाळ्यात शेकडो शिडाच्या बोटी आणि तेलवाहू जहाजं एकाच पाण्यात असतात, तिथे ठरावीक टापूत दीडशे मीटरहून लांब जहाजाभोवती एक चालता निषिद्ध पट्टा धरतात. पुढे हजार मीटर, दोन्ही बाजूंना शंभर. लहान बोटीने त्यात शिरायचंच नाही. तरी २०११ च्या ऑगस्टमध्ये, काउजच्या शर्यतींच्या दिवसांत, एक बोट हान्ने क्नुटसेन नावाच्या तेलवाहू जहाजाच्या नाळेखाली गेलीच. पट्टा आखून भागत नाही, हे खरं. पण हजार मीटर हा आकडा मला आवडतो. त्यात आंधळा पट्टा मावून वर तेवढंच पाणी उरतं. आमच्याकडे कोणी आखो न आखो, मी तो आता डोक्यात आखलेला आहे.

त्याच समुद्रातली दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे, जवळची म्हणजे टोचणारी. ऑगस्ट २००६. ऊझो नावाची पंचवीस फुटी शिडाची बोट, तीन माणसं, आइल ऑफ वाइटच्या दक्षिणेला रात्रीच्या वेळी नाहीशी झाली. तिघांचे मृतदेह मिळाले, लाइफ जॅकेट फुगलेले. ब्रिटिश सागरी अपघात तपासणी विभागाचा निष्कर्ष असा, की प्राइड ऑफ बिल्बाओ ही मोठी फेरी एकतर त्या बोटीला धडकली असावी किंवा इतकी जवळून गेली असावी की तिच्या लाटेने बोट बुडाली. अहवालात बारीक बारीक गोष्टी आहेत. टेहळणी करणाऱ्याचा चश्मा उजेडानुसार रंग बदलणाऱ्या काचांचा होता, आणि तशा काचा अंधारातही थोडा उजेड खातात. बोटीवरचा रडार परावर्तक असून नसल्यासारखा होता. फायबरच्या छोट्या बोटीची रडारवर मुळातच फारशी खूण उमटत नाही. आणि फेरीवरच्या अधिकाऱ्याने शेवटच्या क्षणी दिशा बदलली, मागे वळून पाहिलं, त्याला दिवा दिसला, आणि बोट सुखरूप आहे असं समजून तो पुढे गेला.

तो अहवाल मी परदेशातल्या एका बंदरात, जहाजाच्या ऑफिसात बसून वाचला. त्या दिव्यापाशी आलो आणि पान मिटलं.

कारण २००३ च्या जानेवारीत मीही एक दिवा पाहिला होता. मी तिसरा अधिकारी, रात्रीची आठ ते बाराची पाळी, रत्नागिरीच्या पश्चिमेला, दक्षिणेकडे चाललेलं दोनशे मीटरचं मालवाहू जहाज. मासेमारीचा मोसम. त्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर रात्री समुद्र म्हणजे दिवाळी असते. काही दिवे नियमातले, काही रॉकेलचे, काही नुसते हातातले. माझ्याबरोबर टेहळणीला थूथुकुडीचा एक खलाशी, वयाने माझ्या वडिलांएवढा. आमची भाषा मोडकी हिंदी, मोडकं इंग्रजी आणि हातवारे. पावणेअकराच्या सुमाराला तो म्हणाला, "लाइट, सर, स्टारबोर्ड बाव, बहुत पास." मला दिसेना. रडारवर लाटांच्या पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही नव्हतं. मग दिसला, पिवळट, विझत चालल्यासारखा. मी सुकाणू डावीकडे टाकायला लावलं. दिवा नाळेखाली गेला.

मी सज्जात धावलो. खाली काळोख, फेस. आवाज काही आला नाही. आमच्या इंजिनाच्या आवाजात आलाही नसता. मग बऱ्याच मागे एक दिवा दिसला. खलाशी म्हणाला, "है, सर." मी म्हणालो, "है." जहाज पुन्हा मूळ दिशेवर आणलं. नोंदवहीत लिहिलं, मच्छीमार बोटी बऱ्याच, दिशा वेळोवेळी बदलली. हे खोटं नव्हतं. बारा वाजता पाळी बदलताना दुसऱ्या अधिकाऱ्याला मी काही सांगितलं नाही.

मागे दिसलेला दिवा तोच होता का? त्या रात्री त्या पाण्यात पन्नास दिवे होते.

मांडव्याला आम्ही गेलो नाही. साडेबाराला पश्चिमेचा वारा लागला आणि त्याच्यावर सरळ परत आलो. बोट नांगराला बांधून शीड उतरवताना मुलगी म्हणाली, "तो पांढऱ्या शर्टवाला मागे का गेला होता?"

आपल्याला बघायला, मी म्हणालो. आणि मग का कोण जाणे, ती २००३ ची गोष्ट तिला सांगितली. बायकोलाही कधी सांगितली नव्हती. तांडेल दोऱ्या गुंडाळत होता, त्याचे हात थांबले नाहीत, पण तो ऐकत होता. त्याचे चुलत भाऊ, मेहुणे रात्री बाहेर जाणारे.

"मग तू परत वळून का नाही गेलास बघायला?" तिने विचारलं. "जहाज वळत नाही?"

"वळतं. दहा मिनिटं लागतात."

"मग?"

खरं उत्तर मला बावीस वर्षं माहीत होतं. "कॅप्टनला उठवावं लागलं असतं," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तांडेलाने गुंडाळलेली दोरी खुंटीला अडकवली आणि टाकीचं झाकण हातात घेऊन माझ्यासमोर धरलं. स्क्रू बंद होता. तो त्याने माझ्या डोळ्यांदेखत दोन आटे फिरवून उघडला, पुन्हा बंद केला, आणि झाकण मुलीच्या हातात दिलं.